चुकीच्या हाताने पडलेला चेंडू

या पृष्ठांवर चेंडूच्या खेळाविषयी काही वाचावयास मिळेल अशी अपेक्षा आमच्या वाचकांनी केली नसेल. आणि खरे सांगावयाचे तर असे काही लिहिण्याचा प्रसंग आपणांवर येईल, असे सहा महिन्यांपूर्वी आम्हांसही वाटले नव्हते. आमचा आणि मैदानी खेळांचा संबंध शाळा सुटली त्या दिवशीच सुटला. बास्केटबॉल म्हणजे उंच माणसांनी उंच जागी चेंडू टाकण्याचा खेळ, याहून अधिक ज्ञान आमच्या पदरी नव्हते. परंतु गेल्या पौषात हुरड्याच्या निमित्ताने आम्ही परभणी तालुक्यातील झरी या गावी आमच्या मामेभावाकडे चार दिवस राहिलो, आणि तेथे एका चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपरावरून असा एक प्रश्न निघाला की, तीस वर्षे नीतिशास्त्र शिकवूनही त्याचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. तो प्रश्न असा : चुकीच्या रीतीने केलेले काम सफल होत असेल, तर ते सफल होत असतानाच सोडून द्यावे आणि योग्य रीतीच्या मागे लागून काही काळ अपयश पत्करावे, हे शहाणपण की वेडेपण?

मामेभावाचे घर गावाच्या कडेला आहे. घरामागे खळ्याची मोकळी जागा आणि तिच्या एका अंगाला जुना कडुनिंब. त्या निंबाच्या बुंध्यावर एक फळी ठोकलेली होती आणि फळीला लोहाराकडून वाकवून घेतलेले लोखंडी कडे बसविलेले होते. कड्याचा व्यास अठरा इंच, जमिनीपासूनची उंची दहा फूट. ही दोन्ही मापे मुलाने स्वतः टेप लावून घेतली होती आणि ती आम्हांस त्याने मोठ्या अभिमानाने सांगितली. वस्तुतः या खेळात चेंडू जमिनीवर आपटीत पुढे न्यावयाचा असतो. पण परभणीकडची काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चेंडू उसळावा कसा? खळ्याची जागा चोपून टणक केलेली असली तरी तिलाही म्हणण्यासारखी उसळी नाही. म्हणून पळणे, चकविणे, आपटणे हा सारा भाग या मुलाने बहुतेक सोडूनच दिला होता आणि एकच गोष्ट धरली होती, ती म्हणजे एका जागी उभे राहून कड्यात चेंडू टाकणे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण लोक चेष्टेने म्हणतात. परंतु आहे त्यात बनवून घेण्याचा जो गुण या मातीत आहे, त्याचा अर्थ त्या म्हणीत घालावयास हरकत नाही.

ही चेंडू टाकण्याची विद्या त्याने कोणापासून घेतली नव्हती. दोन्ही हातांत चेंडू धरावा, तो उजव्या खांद्याच्या मागे न्यावा, कमरेत एक हिसका द्यावा आणि गाडीत पोते टाकावे तसा तो वर फेकावा, अशी त्याची रीत होती. दिसावयास ती हास्यास्पद होती. पण फळीपासून पंधरा फुटांवर राखेने आखलेल्या रेषेवरून तो दहांपैकी सहा चेंडू कड्यात टाकी. गावातल्या पोरांत त्याची कीर्ती होती. पुढे दिवाळीच्या सुमारास परभणीच्या एका क्रीडाशिक्षकांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याची सहा चेंडूंबद्दल वाखाणणी केली नाही. ते म्हणाले, "हे सगळं विसरावं लागेल." मग त्यांनी त्यास पाय खांद्यांइतके रुंद ठेवून गुडघ्यांत वाकावयास शिकविले. चेंडू बोटांच्या पेरांवर तोलावा, तळव्यास टेकू देऊ नये. उजवे कोपर चेंडूच्या बरोबर खाली असावे, बाहेर फाकू नये. डाव्या हाताने चेंडू नुसता सावरावा, ढकलू नये. जोर पायांतून वर यावा आणि शेवटी मनगट पुढे वळावे. चेंडू सुटल्यावरही हात क्षणभर वरच राहावा. या मुलाचा मुख्य दोष असा की, सुटण्याच्या क्षणी त्याचा डावा अंगठा चेंडूस बाजूने टोचा देई. तेव्हा या द्रोणाचार्यांनी मागितला तो डावा अंगठा, आणि तोही फक्त बाजूला ठेवण्यापुरता!

परिणाम काय झाला? दोन महिन्यांच्या नित्याच्या अभ्यासानंतर दहांपैकी सहा पडत होते ते दोनांवर आले. माघात जिल्ह्याच्या शालेय संघाची निवड व्हावयाची होती. गावातली पोरे हसू लागली होती. आम्ही गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी मामेभावाने आम्हांस खळ्याच्या कडेला बाजेवर बसविले, मुलाचे चाळीसपन्नास चेंडू पाहू दिले, आणि मग हळूच विचारले, "दादा, तुम्ही शिकलेले माणसं. पोरगं बिघडायलंय का सुधारायलंय, तेच कळंना मला."

या वाक्यात जो प्रश्न आहे तो सॉक्रेटिसापासून आजपर्यंत कोणी याहून थोडक्यात मांडला असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या संध्याकाळी आम्ही "बघू" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करू लागलो.

प्रथम हे पाहावयास हवे की, क्रीडाशिक्षकांची रीत योग्य ती कशावरून? केवळ पुस्तकात तशी आहे म्हणून? या खेळाचा जन्म मोठा मनोरंजक आहे. 1891च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुणांच्या व्यायामशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाच्या मूळच्या कॅनेडियन शिक्षकाने तो रचला. बर्फामुळे बाहेर खेळता येत नाही आणि आत कवायतीचा कंटाळा, अशा उनाड विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्याच्या गळ्यात पडला होता. इतर खेळांत गोल उभा असतो, त्यामुळे जो जोराने मारील त्याचे फावते आणि खेळ दांडगाईवर जातो, हे त्याने हेरले. लहानपणी तो आमच्या लगोरीसारखा दगडांचा एक खेळ खेळत असे. त्यात जोराने भिरकावलेल्या दगडापेक्षा अलगद कमानीत टाकलेला दगड अधिक उपयोगी पडे, हे त्यास आठवले. म्हणून त्याने गोल आडवा करून डोक्यावर नेला. पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून कड्याची उंची आजतागायत दहा फूटच राहिली आहे. टोपल्यांना बूड असल्यामुळे दर वेळी शिडी लावून चेंडू काढावा लागे, हा भाग आमच्या मुलाला फार आवडला. तात्पर्य, ज्यात जोराला किंमत नाही आणि कमानीला आहे, असा हा खेळ बुद्धिपुरस्सर घडविलेला आहे.

आता गणित पाहा. कड्याचा व्यास 45 सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे 24. वरून सरळ खाली येणाऱ्या चेंडूला कडे जवळजवळ दुप्पट रुंद. पण चेंडू तिरका आला की त्याच्या दृष्टीने कडे चेपत जाते. 45 अंशांच्या उताराने येणाऱ्या चेंडूस ते 32 सेंटिमीटरांहूनही किंचित कमी उघडे असते; 30 अंशांनी येणाऱ्या चेंडूस अवघे साडेबावीस, म्हणजे चेंडूच्या स्वतःच्या जाडीहून कमी. तो कड्याला न लागता आत जाणे शक्यच नाही. पोते फेकल्यासारखा फेकलेला चेंडू सपाट जातो. तो पडला तर फळीच्या किंवा कड्याच्या मेहेरबानीने पडतो. शिवाय मनगटाच्या वळणाने चेंडू उलटा फिरत जातो, आणि असा फिरणारा चेंडू कड्याच्या पलीकडच्या कडेवर आपटला तरी त्याचा वेग मंदावून तो आत घरंगळण्याचा संभव वाढतो. झरीच्या त्या निंबावर ठोकलेली फळी एका बाजूला थोडी कलली होती. मुलाचा जुना हात त्या कललेल्या फळीशी जुळलेला होता, हे आमच्या दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. त्याचे सहा चेंडू झरीत पडत. दुसऱ्या मैदानावर सरळ फळीसमोर किती पडले असते कोण जाणे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, योग्य रीत म्हणून जी आज शिकवितात तीही एके काळी अयोग्यच मानली जात होती. हे खरे आहे. पूर्वी दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून, छातीपासून चेंडू ढकलणे हीच शास्त्रशुद्ध रीत होती. 30 डिसेंबर 1936 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुइसेट्टी या तरुणाने एका हाताने चेंडू टाकून लाँग आयलंड विद्यापीठाची 43 सामन्यांची विजयमालिका मोडली. माझ्या मुलांनी असे एका हाताने चेंडू टाकले तर मी शिकविणेच सोडून देईन, अशा अर्थाचे उद्गार तेव्हाच्या एका नामांकित प्रशिक्षकाने काढले होते. आज सारे जग एकाच हाताने टाकते. मग झरीचा मुलगा हाही कदाचित एक लुइसेट्टी असेल, आणि आपण त्याला वळण लावण्याच्या नावाखाली मोडीत काढीत असू!

हा आक्षेप आम्ही रात्रभर उलटसुलट पाहिला. सकाळी खळ्यावर जे दिसले त्याने तो आमच्यापुरता निकालात निघाला. आम्ही मुलास म्हणालो, "जुन्या हाताने दहा टाक." त्याने टाकले, सहा पडले. जे चार चुकले त्यांपैकी प्रत्येकाच्या वेळी आम्ही विचारले, का चुकला? तो खांदे उडवी आणि म्हणे, "चुकला." मग नव्या हाताने दहा टाकावयास सांगितले. दोन पडले, आठ चुकले. पण येथे आम्ही विचारण्यापूर्वीच तो बोले : "कोपर बाहेर गेलं." "अंगठा लागला." "गुडघ्यात वाकलोच न्हाई, काका." आठांपैकी सहा चुका त्यास ठाऊक होत्या. लुइसेट्टीचेही असेच असले पाहिजे असा आमचा तर्क आहे. त्याची रीत नवी होती, पण आंधळी नव्हती. तेव्हा योग्य रीत म्हणजे परंपरेने चालत आलेली रीत असे आम्ही म्हणत नाही, किंवा जिने आज यश येते ती असेही म्हणत नाही. जिच्यात आपली चूक आपणांस बोलून दाखविते, ती रीत योग्य. जुन्या हाताच्या यशाला तोंड नव्हते आणि त्याच्या अपयशालाही नव्हते. सहा हा आकडा त्या हाताची सीमा होती, कारण सातवा कोठून आणावा हे सांगावयास त्याच्यापाशी काही नव्हते.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात एक विचार सांगितला आहे, तो आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी तो विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून जातो. एखाद्याने व्याकरणशुद्ध वाक्य लिहिले एवढ्यावरून तो वैयाकरण ठरत नाही. ते योगायोगाने किंवा दुसऱ्याने सांगितल्यामुळेही लिहिले गेले असेल. त्याच्या ठायी असलेल्या व्याकरणज्ञानातून ते आले असेल तरच तो वैयाकरण. सदाचरणाचेही तसेच. सत्कृत्य हातून घडले एवढ्याने भागत नाही. ते जाणून, त्याच्यासाठीच निवडून आणि स्थिर झालेल्या स्वभावातून घडले पाहिजे. आमचा मुलगा जुन्या हाताने चेंडू टाकी तेव्हा तो असा योगायोगाचा वैयाकरण होता. परंतु अ‍ॅरिस्टॉटल आणखी एक गोष्ट सांगतो, ती अधिक अडचणीची : घरे बांधून माणूस गवंडी होतो, आणि वाईट बांधून वाईट गवंडी होतो. म्हणजे चुकीचा हात नुसता पडून राहत नाही. प्रत्येक सफल चेंडूबरोबर तो पक्का होत जातो. अपयश माणसास वाईट सवय सोडावयास लावते. यश मात्र तिला खतपाणी घालते.

फळाची आशा सोडावी, हा गीतेचा उपदेश येथे कोणी आमच्या तोंडावर फेकील. त्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. या उपदेशाचा आपल्याकडे जितका दुरुपयोग झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. नापास झालेल्या मुलाच्या समजुतीसाठी तो काढावयाचा आणि पास झालेल्याच्या पेढ्यांच्या वेळी विसरावयाचा, अशी आमची रीत. फळाकडे पाहू नये याचा अर्थ कड्याकडे पाहू नये असा नव्हे. सिसेरोने इ.स.पू. 45 मध्ये लिहिलेल्या संवादात स्टोइकांच्या वतीने धनुर्धराचा दृष्टांत दिला आहे. नेम साधण्यासाठी जे जे करावयाचे ते सर्व धनुर्धराने करावे. ते सर्व करणे हेच त्याचे साध्य, आणि बाण लागणे ही गोष्ट हवीशी असली तरी तिच्यावर त्याचे श्रेय अवलंबून नाही. हा दृष्टांत सुंदर आहे. पण त्यातला धनुर्धर प्रौढ आणि निश्चिंत आहे. त्याला माघात निवडीला जावयाचे नाही, गल्लीतली पोरे त्याला हसत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाकडून ही वृत्ती मागावयाची तर तिची किंमत दुसऱ्या कोणी तरी उचलली पाहिजे, हे सिसेरोने लिहिले नाही.

आणि प्रौढांनाही ती कितपत साधते? विल्ट चेंबरलेन हा सात फुटांहून उंच असा अमेरिकन खेळाडू होऊन गेला. प्रतिपक्षाने आगळीक केली म्हणजे पंधरा फुटांवरील रेषेवरून कोणाच्याही अडथळ्यावाचून जी फेक मिळते, ती त्याला काही केल्या जमत नसे. 1961-62 च्या हंगामात त्याने चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून वर झुलवून टाकण्याची जुनी रीत धरली. 2 मार्च 1962 रोजी हर्शी येथे एका सामन्यात त्याने शंभर गुण केले, त्या रात्री 32 मुक्त फेकींपैकी 28 पडल्या. त्या हंगामात त्याचे प्रमाण शेकडा 61 होते. नंतर त्याने ती रीत सोडली, आणि 1967-68 मध्ये ते प्रमाण 38 पर्यंत उतरले. का सोडली? आपण बायकी दिसतो असे वाटे म्हणून. आपण चुकतो हे आपणांस ठाऊक होते, असे त्याने पुढे स्वतःच आत्मचरित्रात कबूल केले. त्याच रीतीने रिक बॅरी नावाचा खेळाडू 1980 मध्ये निवृत्त होईपर्यंत दहांपैकी नऊ फेकी साधीत होता. त्याचे अनुकरण मात्र जवळजवळ कोणी केले नाही. ज्ञान असले म्हणजे आचरण आपोआप येते, हे सॉक्रेटिसाचे मत या एका माणसाने पंधरा फुटांच्या रेषेवर उभे राहून खोडून काढले. येथे झरीचा प्रश्न उलटा झालेला दिसतो. चेंबरलेनला योग्य रीतीने यश मिळत होते आणि लोकलज्जेसाठी त्याने ते टाकले. झरीच्या मुलाला योग्य रीतीने अपयश येत होते, आणि लोक हसत असताही त्याने ती धरून ठेवली होती. दोघांत मोठा कोण हे आम्ही ठरवीत नाही. मोठेपणाची परीक्षा मुलाची अजून व्हावयाची होती.

तिसऱ्या दिवशी मामेभाऊ आमच्याबरोबर शेतात आला. ज्वारी चिकात होती. हुरडा भाजता भाजता आमच्या मामींची आठवण निघाली. त्या गेल्या त्याला पुष्कळ वर्षे झाली, पण चाड्यावर मूठ धरावी ती त्यांनीच, असे गावात अजून म्हणतात. तिफण चालू असता तिच्यामागून चालत चाड्यात धान्य सोडावयाचे, ते ना दाट ना पातळ, बैलाच्या पावलाशी जुळवून, बोटांच्या फटीतून; आणि त्या मुठीचा खरेखोटेपणा त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. आठ दिवसांनी ज्वारी उगवली म्हणजे तास बोलू लागतात. मामेभाऊ म्हणाला, "नवी सून आली की आई तिला एकदम बियाणं देत नव्हती. आधी खळ्यावर तिफण रिकामीच ओढायची आन् चाड्यात बारीक वाळू सोडायला लावायची. महिना महिना." आम्ही विचारले, "वाळू का?" तो म्हणाला, "बियाणं म्हटलं की हात भितो ना, दादा." आणि मग तो एकाएकी गप्प झाला. आम्हीही काही बोललो नाही. जे आम्ही अ‍ॅरिस्टॉटलात शोधीत होतो ते त्याच्या आईने त्याच्या देखत केलेले होते.

योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. पहिल्या दोहोंविषयी कोणीही बोलतो. तिसरीचा अर्थ आम्हांस त्या वाळूने कळला. जे दहांत दोनच देते त्याचा आदर करावयाचा कसा? ते मोजले जात नाही अशी जागा कोणी तरी करून द्यावी, तरच. महाभारतात द्रोणाचार्यांनी आचाऱ्यास बजावून ठेवले होते की, अर्जुनास अंधारात जेवावयास वाढू नको. पण एके दिवशी वाऱ्याने दिवा मालवला आणि अर्जुनाच्या लक्षात आले की अंधारातही आपला घास तोंडातच जातो. त्या रात्रीपासून तो अंधारात धनुष्याचा अभ्यास करू लागला. ही कथा एकाग्रतेची म्हणून सांगतात. आम्हांस वाटते, तिच्यात आणखी एक सोय आहे : अंधारात बाण लागला की नाही हे कोणाला दिसत नाही, आणि हसावयासही कोणी नसते.

चौथ्या दिवशी निघताना मामेभावाने पुन्हा विचारले. आम्ही म्हणालो, "पोरगं सुधारतंय. निवडीपर्यंत चेंडू मोजू नका." हे सांगणे आम्हांस सोपे होते. निवड आमची व्हावयाची नव्हती. मुलाला मात्र आम्ही मुंबईच्या नागपाड्याची गोष्ट सांगितली. तेथे 1927 मध्ये स्थापन झालेल्या नेबरहूड हाउसच्या आसपासच्या दाटीवाटीच्या वस्तीत हा खेळ रुजला आणि 1970 चे अर्जुन पारितोषिक मिळविणारे अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार तेथून निघाला. तो ऐकून घेत होता. पण त्याचे अर्धे लक्ष कड्याकडे होते, आणि तेच बरे.

माघात त्याचा आम्हांस दूरध्वनी आला. आवाजात उत्साह होता आणि नव्हता. "काका, निवड झाली." आम्ही अभिनंदन केले. तो थोडा थांबून म्हणाला, "पण जुन्या हातानं." हकीकत अशी कळली की, निवडीच्या दिवशी त्यास दहा फेकी मिळाल्या. पहिल्या चार त्याने नव्या हाताने टाकल्या, एक पडली. मग त्याने निवड करणारांकडे पाहिले, दारात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिले, चेंडू उजव्या खांद्यामागे नेला आणि उरलेल्या सहांपैकी चार टाकल्या. फळी सरळ असूनही चार पडल्या, हे आमच्या गणितास धरून नाही, आणि ते येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. क्रीडाशिक्षक तेथेच होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला, असे मुलगा म्हणाला.

त्याने अपराध केला काय? आमच्या मते नाही. पाऊस आला म्हणजे शेतकरी जो हात तयार असेल त्याच हाताने पेरतो. वाळूचा काळ तेव्हा संपलेला असतो. त्या मुलाने चेंडू चोरून आत घातला नव्हता, नियम मोडला नव्हता. त्याची धडपड आम्ही दोष म्हणून मांडावी, तर आमच्या घरातील मंडळी आम्हांस हसतील. तथापि त्याच्या त्या 'पण'विषयी आम्ही बरेच दिवस विचार करीत राहिलो. निवड झाली, बाप आनंदला, गाव आनंदले, पोरांचे हसणे बंद झाले; आणि एवढे सगळे होऊनही त्या मुलाच्या तोंडून 'पण' निघाला. यश त्याची समजूत घालू शकले नव्हते.

आमच्या आयुष्यात हा 'पण' केव्हा नाहीसा झाला ते आम्ही सांगतो, कारण ते सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक होईल. आम्ही नोकरीस लागलो त्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांस मूळ ग्रंथ वाचावयास लावीत असू. वर्गात गोंधळ उडे, प्रश्न निघत, आणि परीक्षेचे निकाल वाईट लागत. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठांच्या सल्ल्यावरून आम्ही टिपणे उतरवून देण्यास आरंभ केला. निकाल सुधारले. ज्यांना एक वाक्य स्वतःचे लिहिता येत नव्हते, ते आमची वाक्ये लिहून प्रथम वर्गात येऊ लागले. योगायोगाचे वैयाकरण आम्ही शेकड्यांनी तयार केले, आणि ते पेढे घेऊन घरी आले तेव्हा आम्ही आनंदाने घेतले. पहिली काही वर्षे आम्ही पत्नीस म्हणत असू, "निकाल चांगला लागला, पण—". पुढे 'पण' म्हणणे सुटले. केव्हा सुटले ते आठवत नाही. ती टिपणांची वही आजही आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिची पाने पिवळी पडली आहेत आणि तिच्यातील एक चूक, जी आम्हांस ठाऊक आहे, ती आम्ही वीस वर्षे उतरवून देत आलो आहोत. आमच्या फळीचा कल आम्हांस ठाऊक आहे, आणि आमचा हात तिच्याशी जुळला आहे.

येत्या जूनमध्ये वही खणातच ठेवून वर्गात जावे, असा विचार मनात येतो. निकाल पडेल. पालक येतील, वरिष्ठ विचारतील. छप्पन्नाव्या वर्षी माणसास वाळूचा महिना कोण देणार? आणि त्या एका वर्षाच्या मुलांनी आमच्या अभ्यासासाठी आपले गुण का घालवावेत, हा प्रश्न तर त्याहून खरा आहे. त्याचे उत्तर आमच्यापाशी अजून नाही. वाळू ही वाळू असते, तिला भविष्य नसते. विद्यार्थ्यांना असते.

फाल्गुनात मामेभावास दूरध्वनी केला तेव्हा हरभऱ्याची काढणी चालली होती. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर आम्ही मुलाची चौकशी केली. तो म्हणाला, संघाबरोबर दोन सामने खेळून आला, एक हरले, एक जिंकले. आता पुन्हा रोज संध्याकाळी निंबाखाली असतो, त्याच नव्या हाताने. फळी त्याने काढून पाणसळ लावून सरळ ठोकून घेतली आहे, आणि आता जुन्या हातानेही पहिल्याइतके पडत नाहीत. आम्ही विचारले, "नव्या हाताने किती पडतात?"

"मोजत न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून हसत हसत म्हणाला, "म्हंजे त्याच्या देखत न्हाई. काल मी म्हशीमागून बघत होतो. तीन पडले."